हो म्हणणारं पोरगं

प्रश्न : ताई, मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू करतेय, प्रोजेक्टसाठी वेंगुर्ला-मालवण भागात बोलायला त्रास असणाऱ्या मुलांच्या मुलाखती घेतेय. दोन झाल्या, दोन्हीत आईच बोलली. त्यातला नऊ वर्षांचा एक तर सगळ्याला हो म्हणून मान हलवतो, शाळा आवडते? हो. आवडत नाही? तरी हो! त्याला लिस्टमधून काढू का?

उत्तर : अगं काढू नकोस, फक्त ते 'हो' धरू नकोस. नवीन बाई घरी आलीय, हातात कागद, आईने आधीच दम दिलेला, मग पोरगं हो नाही म्हणणार तर काय. आणि तोच प्रश्न परत विचारलास की मुलांना वाटतं आपलं चुकलं, लगेच उत्तर बदलतात.

आधी आईला विचार, हा 'नको' कसं सांगतो आणि त्याला काय अजिबात आवडत नाही. मग फोटो घे, बांगडा, कारलं, एसटी, त्याचाच वर्ग, आणि चटईवर आवडतं, ठीकठाक, नाही आवडत अशा तीन जागा कर, तो फोटो ठेवेल. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात १९९० च्या दशकात निघालेली टॉकिंग मॅट्स ती हीच. नावडतं कारलं त्याने 'आवडतं'मध्ये ठेवलं तर समज, एकतर खेळ कळला नाही किंवा तुला खूश करतोय, त्या दिवशी शाळेचा विषय काढूच नकोस. शेवटी सगळी चटई दाखवून फोटो हलवायची संधी दे, मग चटईचा फोटो काढ.

घरात मालवणी असेल तर 'हवं का' कशाला, 'व्हया काय?' विचार ना. आणि विचारून गप्प बस, मनात दहा मोज, हे सगळ्यात कठीण (मला अजून जमत नाही). आईला बाहेर काढू नकोस, त्याच्या खुणा तिलाच कळतात, पण तिचं बोलणं वेगळ्या रंगात लिही.

आता संमती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांत पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वयाच्या मुलाचीही तोंडी संमती लागते, आणि तुझ्या पोराने तिथेही मानच हलवली असणार! म्हणून त्याला एक लाल 'बस झालं' कार्ड दे आणि ते आधी खेळातच वापरायला लाव, त्याने दाखवलं की तू खरंच उठायचं, पडवीत जाऊन पाणी पिऊन यायचं, दोनतीनदा तरी.