जोड तासिका मिळाली, आता पुढे?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नववीच्या विज्ञानाला आठवड्यातून एक जोड तासिका, म्हणजे लागोपाठच्या दोन तासिका, मिळाली, हे फार चांगलं झालं. मात्र तिची दोन तासिकांची व्याख्यानमाला करू नकोस. वाढलेला वेळ फळ्यापाशीच गेला, की मुलं चुळबुळ करू लागतात आणि आपण वर्गाला द्वाड ठरवतो. तो वेळ मुलांच्या हाताला हवा.

ओहमचा नियमच घे: तारेच्या टोकांमधला व्होल्टेज वाढवला की तिच्यातला प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो, हे मुलांनी प्रयोगातून बघायचं. एका तासिकेच्या 35 मिनिटांतली पंधराएक हजेरी, प्रयोगशाळेत जाणं आणि साहित्यवाटप यांतच जातात. कशीबशी दोन वाचनं होतात, घंटा वाजते, आलेख घरी जातो आणि दुसऱ्याच्या वहीतून उतरवला जातो. 70 मिनिटं असतील तर साहित्य आदल्या दिवशीच ट्रेमध्ये लावून ठेव. मग 10 मिनिटं उजळणी आणि आकृती, 10 जोडणी, 25 वाचनं, 15 आलेख आणि शेवटची 10 चर्चेला.

तू जोडणी बघितल्याशिवाय कुणी प्लगकळ लावायची नाही. अमीटर एकसरीत, व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना समांतर. काटा उलटा सरकला तर धन-ऋण टोकं बदललेली असतात. वाचन झालं की कळ लगेच काढायला लाव. नाहीतर निक्रोमची तार तापते, घट (सेल) उतरतात आणि काटा एका जागी थांबत नाही. आणखी एक हमखास होतं. 1.5 व्होल्टचे घट एकेक वाढवताना मुलं व्होल्टमीटर न बघताच 1.5, 3, 4.5, 6 असं लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात प्रवाह चालू असताना वाचन सहसा त्याहून कमी येतं. तसा तक्ता दिसला की गटाला पुन्हा वाचन घ्यायला लाव आणि फरक का पडला ते विचार. छोट्या तासिकेत नेमकं हेच राहून जातं. पाचजणांच्या गटात दर घटागणिक कामं बदल, नाहीतर एकच मुलगा सगळं करतो आणि बाकीचे बघत बसतात.

पण प्रत्येक विषयाला जोड तासिका मागू नकोस. गणित आणि इंग्रजीला रोजचा सराव लागतो; आठवड्यातल्या सहा तासिकांच्या तीन जोड्या केल्या, तर मधले दिवस कोरडे जातात. शिवाय एका दिवसाच्या दांडीत दोन तासिका बुडतात. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात माध्यमिक स्तरासाठी 50 मिनिटांची तासिका सुचवली आहे, तीही आखणीशिवाय फळणार नाही.

वेळापत्रक लावणाऱ्या सरांना आताच भेट. जोड तासिका मोठ्या सुट्टीच्या आधीची माग: पाच मिनिटं जास्त लागली तरी पुढच्या शिक्षकांचा खोळंबा होत नाही. शेवटची घेऊ नकोस, साहित्य तसंच टेबलावर पडून राहतं.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी