मातीची वीण तडकते तेव्हा

प्रश्न : मातीच्या पट्ट्या एकमेकींतून विणून मी दोन माणसांच्या मिठीचे शिल्प करत आहे. पट्ट्या जिथे एकमेकींवरून जातात, नेमके तिथेच वाळताना तडे पडतात. शिवाय, सुतात सहज होते ते मातीत करण्याचा अट्टहास कशासाठी, असे एका मित्राने विचारले. त्याला काय सांगावे?

उत्तर : आधी तड्यांचे पाहू. कापडातले उभे-आडवे धागे ताणामुळे एकमेकांना धरून राहतात आणि वेळ पडली तर थोडे सरकतातही. मातीच्या पट्टीला ही मुभा नाही, कारण वाळताना आणि भाजताना मिळून ती साधारण दहाव्या हिश्श्याइतकी आक्रसते. पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे मातीचे दोन थर असल्याने ती जागा उशिरा वाळते, मधला उघडा भाग मात्र आधीच आखडून तिला ओढू लागतो. म्हणून सर्व पट्ट्या एकाच वेळी मळलेल्या मातीच्या, सारख्या जाडीच्या आणि सारख्या ओलीच्या असाव्यात. पट्टी बोटाभोवती गुंडाळून पाहावी; ती चिरली नाही आणि बोटाला चिकटलीही नाही, की विणायला घ्यावी. सांध्याच्या दोन्ही अंगांना चरे पाडून, त्याच मातीचा दाट घोळ लावून अंगठ्याने बेताने दाबावे आणि पूर्ण काम प्लॅस्टिकखाली काही दिवस सावकाश वाळू द्यावे. आतून आधार कागदाच्या बोळ्यांचा द्यावा, कारण कठीण साचा मातीबरोबर आक्रसत नाही. मातीत भाजक्या मातीची भरड किंवा कागदाचा लगदा मिसळल्यास तड्यांचे भय बरेच कमी होते. भट्टीही घाईने निववू नये. ५७३ अंश सेल्सियसच्या आसपास मातीतील क्वार्ट्झ हे खनिज एकदम आकारमान बदलते आणि त्यानेही तडा जाऊ शकतो.

आता मित्राचा प्रश्न, जो मला अधिक मोलाचा वाटतो. चेक प्रजासत्ताकातील दोल्नी व्हेस्तोनित्से आणि पाव्हलोव्ह येथे सुमारे २७,००० वर्षांपूर्वीचे मातीचे भाजलेले तुकडे मिळाले, त्यांवर विणीचे आणि दोऱ्यांचे ठसे आहेत. ते विणकाम केव्हाच कुजून गेले. ते होते हे आपल्याला कळते, ते ओल्या मातीने त्याचा स्पर्श धरून ठेवला म्हणून. जपानमधील प्राचीन जोमोन भांड्यांना तर त्यांच्यावरील दोरीच्या ठशांवरूनच नाव मिळाले. माती आणि धागा यांची ओळख इतकी जुनी असताना तुमच्या कामाला अट्टहास कसे म्हणावे? मिठी सुटते, कापडाची वीण उसवता येते, पण भाजलेली वीण उसवत नाही. तुमच्या विषयाला हेच साजेसे आहे.

एक सुचवावेसे वाटते. उभ्या पट्ट्या तुम्ही लावा आणि आडव्या ज्याच्याशी तुमचे नाते आहे त्याला विणू द्या. दोघांच्या अंगठ्यांचा दाब वेगळा पडेल; ते ठसे ओल्या स्पंजने पुसू नका आणि जाड झिलईखाली दडवू नका. वीण सगळीकडे सारखी घट्टही नको: पाठीवर तळहात टेकतो तिथे ती दाट असावी आणि खाली उतरताना इतकी विरळ व्हावी, की दोन पट्ट्यांमधून आतला अंधार दिसेल.