इंजिनाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : वडील तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, 1971च्या लढाईत होते. गेल्या वर्षी वारले. देवळाली कॅम्पच्या घरी त्यांच्या जुन्या हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश बनावटीच्या खेळण्यातल्या आगगाड्या आहेत, रुळांत मधोमध तिसरी पट्टी असलेल्या. मुंबईचा एक विक्रेता त्याच कंपनीची तीन टू-रेल (मधल्या पट्टीशिवाय, दोनच रुळांवर चालणारी) इंजिनं आणि डबे साडेतीन लाखांना देतोय. दहा वर्षांत दुप्पट होतील म्हणतो. बाबांची आठवण म्हणून घेऊ का? आईची (वय 72) 20 लाखांची एफडी बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून मोडून पॉलिसी घेतली, कागद मागच्या आठवड्यात आले. पहिला हप्ता 4 लाख गेला, उरलेल्यातून गाड्यांचे पैसे देईन.

उत्तर : घेऊ नका. टू-रेल डब्लो 1959मध्ये आली. तिच्या इंजिनाला मधल्या पट्टीवरून वीज उचलायची सोयच नसते, त्यामुळे बाबांच्या रुळांवर ती जागची हलणार नाही. आणि दुप्पट देणार कोण? लहानपणी या गाड्यांशी खेळलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. बाबांच्या गाड्यांसाठी सुताराकडून काचेचं कपाट करून घ्या, पावसाळ्यात पत्र्याला गंज चढू देऊ नका. नवं इंजिन हवंच असेल तर थ्री-रेलचं बघा आणि स्वतःच्या पगारातून घ्या. आईच्या पैशाला हात नको.

खरा घोळ तुम्ही जाता जाता लिहिलाय. सोबत पाठवलेल्या कागदांवरून दिसतं ते असं : पॉलिसीधारक आई, विमा तुमच्या जिवाचा, दरसाल 4 लाख पाच वर्षं, दहाव्या वर्षाअखेर 'गॅरंटीड' 28 लाख. विसाचे अठ्ठावीस ऐकायला झकास वाटतात. हिशेब मांडला की वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के पडतात. तेही आई 82 वर्षांच्या झाल्यावर! तोवर त्यांनी खायचं काय, निव्वळ फॅमिली पेन्शन? मॅडमचं मार्चचं टार्गेट झालं, एवढाच या योजनेचा फायदा मला दिसतो.

हेच 20 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये 8.2 टक्क्यांनी ठेवले, तर दर तिमाहीला 41 हजार आईच्या खात्यात येतात. व्याजावर कर आहे, पण व्याजदर पाच वर्षं बांधलेला. मर्यादा 30 लाख. खातं पोस्टातही निघतं.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, त्याला फ्री-लूक म्हणतात. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत मिळतात. तुमचा एक आठवडा गेलाय. अर्जावर सही आईची हवी. तो विमा कंपनीच्या शाखेत द्या, ईमेलही करा, शिक्क्याची पोच घ्या. बँकेतल्या टेबलावर ठेवून येऊ नका. 'मॅडम रजेवर आहेत' ऐकता ऐकता मुदत उलटते. मग फोन येईल, 'काका, निदान एक वर्ष तरी चालवा.' पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या फोनवर काहीही कबूल करू नका.