हरणं कमी झाली हे खरं, आणि ती मुद्दाम कमी केली हेही खरं

तुम्ही विचारलंय: अमेरिकेतले शिकारी "हरणं संपत चाललीत" म्हणून वर्षानुवर्षं ओरडतायत आणि तिथलं सरकार मात्र माद्या मारायचे परवाने लाखांनी वाटतंय, मग दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. मी पेनसिल्व्हेनियात राहते. सासरी तीन पिढ्या शिकारीच्या, आणि २०१३ पासून मीही रीतसर कोर्स करून, परवाना काढून त्यांच्याबरोबर रानात जाते. त्यामुळे अख्ख्या अमेरिकेचं नाही सांगत, या एका राज्याचं सांगते. हरणांवरून इथे जेवढं कडू भांडण झालंय तेवढं फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

माझं माहेर नागझिऱ्याच्या कडेचं. १९७२ च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हेच ऐकत मी वाढले. इथे आल्यावर पहिलं आश्चर्य वाटलं ते याचं, की वन्यजीव सांभाळणारं खातं, म्हणजे इथलं गेम कमिशन, मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्याच पैशावर चालतं. परवान्याची फी, आणि १९३७ च्या केंद्रीय कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा कर. म्हणून इथला शिकारी "हरणं कुठायत?" असं विचारतो तेव्हा तो हक्काने विचारतो. त्याने पैसे भरलेले असतात.

सासऱ्यांचा राज्याच्या उत्तरेकडच्या पॉटर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे तंबू नव्हे; डोंगरातली लाकडी खोली, चार बंक, मधे लाकडाची शेगडी. दारामागच्या फळीवर १९६० च्या दशकापासून पेन्सिलीने नोंदी केल्यात: तारीख, बर्फ होतं की नाही, पहिल्या दिवशी किती हरणं दिसली, कुणाला काय मिळालं. सत्तरच्या दशकातल्या ओळींत तीस, चाळीस असे आकडे आहेत. २००५ नंतरच्या ओळींत तीन, दोन, आणि एका वर्षी शून्य. त्या शून्यावर बोट ठेवून सासरे मला म्हणाले होते, "हे बघ. आता काय म्हणणार तुझे शास्त्रज्ञ?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

फळी खोटं बोलत नाही. पण सत्तरच्या दशकातले ते चाळीस आले कुठून, हे समजून घेतल्याशिवाय २००५ नंतरच्या शून्याचा अर्थ लागत नाही.

१९०० च्या सुमाराला या राज्यात हरीण जवळजवळ संपलं होतं. बाजारात मांस विकण्यासाठी बेसुमार मारलं गेलं आणि जंगलही गेलं. गेम कमिशन १८९५ मध्ये स्थापन झालं, १९०६ पासून मिशिगनहून हरणं आणून सोडायला सुरुवात झाली, आणि १९०७ च्या कायद्याने फक्त शिंगवाला नर मारायची परवानगी उरली. त्याच काळात उत्तरेकडचं पाइन आणि हेमलॉकचं जुनं रान मुळापासून साफ तोडलं जात होतं. उघड्या पडलेल्या डोंगरांवर कोवळी झुडपं उगवली, बरोबर हरणाच्या तोंडाशी येतील अशी. लांडगा नाही, डोंगरी सिंह नाही, मादीला हात लावायचा नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी कळप थांबत नाही, आणि पोटभर खाल्लेली मादी बहुतेक वर्षी जुळीच देते. विसेक वर्षांत इतकी हरणं झाली की हिवाळ्यात उपासमारीने मरायला लागली. १९२८ मध्ये सरकारने राज्यभर माद्यांचा हंगाम उघडला तेव्हा मोठा विरोध झाला, कारण तोवर "मादी मारतो तो शिकारी कसला" ही गोष्ट बापाने मुलाला शिकवून झाली होती. सासऱ्यांना ती त्यांच्या वडिलांनी शिकवली. मादीवर नेम धरताना त्यांचा हात अजून अडखळतो, मी पाहिलंय.

म्हणजे फळीवरचे चाळीस हे एका तोडलेल्या जंगलाच्या जोरावर आलेले आकडे आहेत. ते रान पुढे वाढलं, वर सावली धरली, खाली खाणं कमी झालं, आणि जे उगवेल ते हरणं खात राहिली.

हे वाचून पटत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. इथल्या सरकारी जंगलांत काही ठिकाणी आठ फूट उंच जाळीचं कुंपण घालून तुकडे राखून ठेवलेत, हरणाला आत शिरता येऊ नये म्हणून. अशा एका कुंपणाशी मी सासऱ्यांना घेऊन गेले होते. बाहेर गुडघाभर नेच्याचं हिरवंगार रान. लांबून बघणाऱ्याला वाटेल काय सुंदर जंगल आहे. हा नेचा चुरगाळला की वाळक्या गवताचा वास येतो, आणि हरीण त्याला तोंड लावत नाही, म्हणून तेवढा एकच उरलाय. त्याच्या खाली ओकचं एक रोप दिसेना. कुंपणाच्या आत मात्र ओक, मेपल, चेरी, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, आणि मेचा महिना असल्यामुळे तीन पाकळ्यांचं पांढरं ट्रिलियम. माती तीच, पाऊस तोच. सासरे बराच वेळ जाळीला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "लहानपणी आई ही फुलं घरात आणायची."

वनखात्याच्या संशोधकांनी १९७९ पासून दहा वर्षं अ‍ॅलेघनीच्या पठारावर हेच मोजलं होतं. कुंपणांत वेगवेगळ्या दाटीने हरणं ठेवली, चौरस मैलाला १० पासून ६० च्या वर. २० च्या पुढे गेलं की रोपं झपाट्याने घटतात आणि मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जातीही कमी होतात, असं निघालं. सर्वांत विरळ आणि सर्वांत दाट कुंपणात या जातींचा फरक २७ टक्क्यांचा होता.

म्हणूनच १९९९ मध्ये गेम कमिशनने डॉ. गॅरी ऑल्ट यांना हरणांच्या विभागाचे प्रमुख केलं. अस्वलांच्या अभ्यासामुळे ते राज्यभर लोकप्रिय होते. पूर्वी नरांचा दोन आठवड्यांचा हंगाम संपला की माद्यांचे तीन दिवस यायचे. २००१ पासून दोन्ही एकत्र झाले. २००२ मध्ये नियम आला की शिंगाच्या एका बाजूला किमान तीन टोकं, काही पश्चिमेकडच्या भागांत चार, असल्याशिवाय नर मारायचा नाही. ऑल्ट गावोगावी सभा घेत फिरले. काही सभांना त्यांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जावं लागलं, इतका राग होता. २००४ च्या अखेरीस त्यांनी पद सोडलं.

आकडे असे: २००२-०३ च्या हंगामात ५ लाख १७ हजार हरणं मारली गेली, हा राज्याचा उच्चांक. २००५-०६ मध्ये ३ लाख ५४ हजार. म्हणजे कळप खरोखर खाली आणला गेला. शिकाऱ्यांना जे दिसलं तो भास नव्हता, आणि त्यांना वेड्यात काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता शिकाऱ्यांचं खरं गाऱ्हाणं. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. सरकार हरणांचा हिशेब युनिटवार करतं. राज्याचं क्षेत्र ४६ हजार चौरस मैल आणि युनिटं बाविसेक. म्हणजे सरासरी एक युनिट आख्ख्या गोव्यापेक्षा मोठं! पेडण्यात हरणं मायंदाळ आहेत म्हणून काणकोणात माद्यांचे परवाने काढले, असा प्रकार होतो. परवानाधारक जिथे जाता येतं तिथेच जाणार, आणि ते म्हणजे सरकारी जंगल. खासगी जमिनीवर "प्रवेश बंद"च्या पाट्या असतात. तिथे आणि शहरांलगतच्या वस्त्यांत हरणं सुखाने वाढतात आणि गाड्यांना धडकतात. उत्तरेकडच्या खुल्या रानात मात्र आधीच खाणं कमी, हिवाळा कडक, आणि सगळ्या बंदुका तिकडेच. भर म्हणून २००३ पासून जमीनमालकांना आपल्या जागेपुरते जादा माद्या मारायचे परवाने मिळू लागले, आणि सरकारी वनविभागानेही ते घेतले. सासऱ्यांची टेकडी त्यात सापडली. राज्याची सरासरी कितीही ठीक असली तरी त्या टेकडीवर हरीण नव्हतं, आणि हे त्यांनी लेखी कळवूनही त्यांना छापील उत्तर आलं.

शिकाऱ्यांचं कुठे चुकतं तेही सांगते. दिसणं आणि असणं यांत फरक आहे. १९८० च्या दशकात या राज्यात तेरा लाखांच्या आसपास शिकारी होते, आता नऊ लाखांच्या आत आहेत. पूर्वी वीस-वीस जण ओळीने रान हाकत जायचे, हरणं उठायची, शेजारच्या कॅम्पवाल्याला दिसायची. आता जो तो आपल्या मचाणावर बसून असतो आणि बहुतेक जण रस्त्यापासून फार आत जात नाहीत. हरीण आपल्या जाळीत निवांत रवंथ करत पडून राहतं. शिवाय "गाड्यांना धडकणारी हरणं कमी व्हावीत म्हणून विमा कंपन्यांनी कायोटी (लांडग्याचा छोटा भाऊबंद) आणून सोडले" ही अफवा मी दर हंगामात ऐकते. कायोटी आणि अस्वलं पाडसं खातात हे खरं आहे. २०००-०१ मध्ये दोनशेच्या वर पाडसांना रेडिओ बसवून ते तपासलंय. अस्वलांचा वाटा कायोटींच्या तोडीस तोड निघाला. पण शेकोटीभोवती अस्वलाला कुणी शिव्या देत नाही.

"ऑफिसात बसून आकडे बनवतात" हा आरोपही अर्धवट आहे. आमचं हरीण आम्ही ज्या खाटकाकडे कापायला देतो तिथे हंगामात कमिशनची माणसं येतात. मागच्या अंगणात मुंडक्यांचा ढीग असतो, त्यात हात घालून ती एकेकाचा जबडा उघडतात. त्यांच्यातल्या एका मुलीने मला दाखवलं: खालच्या जबड्यात तिसरी उपदाढ बघायची. तिला तीन उंचवटे असले तर तो दुधाचा दात, हरीण दीड वर्षाच्या आतबाहेरचं. दोनच उंचवटे असले तर दात बदललाय, वय त्याहून जास्त. रक्ताने माखलेल्या हातमोज्यांनी ती दिवसभर हेच करत होती. अशा हजारो जबड्यांतून वयाचा हिशेब निघतो. पूर्वी मारलेल्या नरांतले बहुतेक दीड वर्षाचे पोरगेले असायचे. आज दोन-तृतीयांशाच्या आसपास अडीच वर्षांचे किंवा मोठे असतात. शिंगांचा नियम शिव्या खाऊन आला, पण आता तो काढा म्हटलं तर तेच शिकारी भांडतील.

परवान्यांच्या संख्येचंही तसंच. दहा लाखांहून जास्त माद्यांचे परवाने ऐकले की छातीत धस्स होतं, पण चार परवान्यांमागे साधारण एक मादी पडते. पूर्वी हा परवाना गुलाबी पाकिटातून पोस्टाने काउंटीच्या खजिनदाराकडे मागावा लागायचा. २०२३ पासून तो दुकानात आणि ऑनलाइन मिळतो, सात डॉलरच्या आत. २०२४-२५ मध्ये एकूण शिकार पुन्हा ४ लाख ७६ हजारांवर गेली. संपत आलेल्या प्राण्याचा हा आकडा नव्हे.

२०१२ पासून एक नवीन दुखणं आलंय, हरणांचा मेंदू पोखरून त्यांना झिजवत नेणारा रोग, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी. औषध नाही, लागण झालेलं हरीण मरतंच. बेडफर्ड, ब्लेअरकडच्या भागात तो पसरलाय. तिथे कमिशन म्हणतं दाटी कमी करा, आणि शिकारी म्हणतात पुन्हा तेच? वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांसारख्यांना छापील उत्तरं पाठवली, त्याची किंमत आता मोजावी लागतेय. गरज खरी असताना लोक ऐकायला तयार नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की मी स्वतः मादी मारते का. मारते. मादीचा परवाना एका ठरावीक युनिटचाच असतो, आणि मी तो आमच्या घराजवळचा काढते, जिथे मक्याच्या शेताकडेला संध्याकाळी दहा-बारा हरणं सहज उभी असतात. त्या शेतकऱ्याला आधी फोन करून विचारते, मांसातला एक वाटा त्याच्या घरी देते. पॉटरचा मादीचा परवाना आम्ही कुणीच काढत नाही. तिथे फक्त नराची वाट बघत बसतो. गेल्या हंगामात पहिल्या दिवशी पाच हरणं दिसली, त्यात दोन पाडसं. सासऱ्यांची नजर आता अधू झालीय, म्हणून फळीवर नोंद मी केली, मराठीतला पाच काढून. त्यांनी तो तसाच राहू दिला.