आधी कृती दाखवा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बंदी घातलेल्या संघटनेच्या एका सदस्याचं वकीलपत्र तुझ्याकडे आलंय आणि त्या संघटनेच्या विचारांची तुला चीड आहे, म्हणून तू अडून बसली आहेस. चीड असू दे, मलाही ती संघटना मान्य नाही. पण एवढ्या लांबलचक पत्रात त्या मुलाने केलं काय, हे कुठेच नाही. घरात कोणती पुस्तकं सापडली, कोणाबरोबर उठबस होती, कोणत्या सभेला गेला, सगळं लिहिलंस. कृती कुठे आहे?

संघटनेवर बंदी घालावी का, हा एक प्रश्न. बंदीनंतर तिच्या माणसांना कसं वागवावं, हा वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारायचाच नाही, अशी आपल्याकडे सवय पडली आहे.

व्ही. जी. रो यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९५२ चा निकाल पुन्हा वाच, परीक्षेसाठी वाचलास तसा नको. मद्रास सरकारने त्यांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी बेकायदा ठरवली ती १९०८ च्या कायद्याखाली. याच कायद्याने ब्रिटिशांनी काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरवल्या होत्या, आणि स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्याच सरकारने तो डाव्यांवर चालवला. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, कारण सरकारला वाटलं एवढंच बंदीला पुरत होतं, त्याची न्यायालयीन तपासणी नव्हती. १९६७ च्या युएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्यं रोखण्याच्या कायद्यात, बंदी तपासणारं न्यायाधिकरण आलं ते त्यानंतर. डिसेंबर १९९२ मध्ये संघावर बंदी आली आणि जमाते इस्लामी हिंदवरही. संघाची बंदी १९९३ मध्ये न्यायाधिकरणासमोर टिकली नाही. जमातची तिथे टिकली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती रद्द केली, कारण पुरावा म्हणून अधिकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवरची प्रतिज्ञापत्रंच होती. दोन टोकांच्या दोन संघटना, आणि दोघींना वाचवलं ते ‘पुरावा दाखवा’ या एकाच मागणीने. आपल्याला न आवडणाऱ्यांसाठी ही मागणी सोडून दिलीस, तर आवडणाऱ्यांसाठी कोणत्या तोंडाने करणार?

तू म्हणशील, २०११ मध्ये अरुप भुयान प्रकरणात न्यायालयाने नुसतं सदस्यत्व गुन्हा नाही असं म्हटलं होतं, पण २०२३ मध्ये तीन न्यायमूर्तींनी ते उलटवलं. बरोबर आहे. बंदी माहीत असून सदस्य राहिलात तर तेवढं पुरे, असा आज कायदा आहे. तो मला चुकीचा वाटतो आणि तसं मी कोर्टात उभा राहून म्हणत आलोय. पण त्या कायद्यातही ‘माहीत असून’ आणि ‘राहिला’ हे दोन्ही सरकारलाच सिद्ध करायचं आहे. ते सोडू नकोस!

सुरत आठव. डिसेंबर २००१ मध्ये १२७ जणांवर सिमी या बंदी घातलेल्या विद्यार्थी संघटनेचे सदस्य म्हणून गुन्हा दाखल झाला. ते शिक्षणावरच्या परिसंवादाला जमलो होतो असं सांगत राहिले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, कारण ते सदस्य होते याचाच पुरावा नव्हता. तोवर पाच जण वारले होते. खटला चालू असलेल्या माणसाला नोकरी कोण देतं, मुलीच्या लग्नाची बोलणी कोण करतं? निकाल लागायच्या आतच शिक्षा भोगून होते. त्यात २००८ पासून युएपीएचं कलम ४३ड(५) आहे. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. म्हणून कृती कुठे आहे हा प्रश्न खटल्यात नव्हे, पहिल्या जामीन अर्जातच विचारायचा.

तू विचारलंस, अशी प्रकरणं घेतल्याने माझं काय गेलं. एक जुना मित्र गेला. त्याच्या मते, ज्यांना आम्ही आयुष्यभर विरोध केला त्यांच्यातल्या एकाला मी बळ दिलं. मी एका माणसाला जामीन मिळवून दिला होता, संघटनेला काहीही दिलं नव्हतं. हे मी त्याला शेवटपर्यंत पटवू शकलो नाही, आणि त्याची हळहळ अजून आहे. वकीलपत्र घेतल्याची नाही. आज तेच प्रकरण आलं तर आजही घेईन.

आता रडगाणं पुरे, कागद काढ. बंदीच्या अधिसूचनेची तारीख बघ आणि तिच्यासमोर त्या मुलावरच्या प्रत्येक आरोपाची तारीख मांड. बंदीपूर्वीच्या सभा आणि पावत्या वेगळ्या काढ. खटला चालवायला लागणारी कलम ४५ ची सरकारी मंजुरी कधी मागितली, कधी मिळाली ते तपास. ती मुदत पाळणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. पंचनाम्यातले पंच कोण, पोलिसांच्या आणखी किती प्रकरणांत तेच पंच आहेत, हेही शोध. आणि तुरुंगात जाऊन त्याला भेट. विचारांवर वाद घालायचा असेल तर खुशाल घाल, पण आधी वकीलपत्रावर सही घे.

तुझा,
काका