जुना टेक्स्ट गेम आणि विकिपीडियाचं पान

प्रश्न : नमस्कार. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युनिव्हर्सिटीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक गेम चालायचा, चित्रं वगैरे काही नाही, नुसतं 'गो नॉर्थ', 'टेक लॅम्प' असं टाइप करत राहायचं. इंग्रजी विकिपीडियावर त्याचं पान आहे, आता ते डिलीट करायची चर्चा सुरू झालीये, कारण काय तर गेम उल्लेखनीय नाही. अहो शेकडो जण खेळलेत, फॅन साइट आहे, सोर्स कोडसुद्धा मिळतो, अजून काय पाहिजे? आम्ही जुन्या मित्रांनी जाऊन 'ठेवा, ठेवा' लिहिलं तर पान वाचेल का?
– एक जुना खेळाडू

उत्तर : शेवटचं आधी सांगते, कारण घाई आहे. ते 'ठेवा, ठेवा' अजिबात करू नका. तिथे मतं मोजत नाहीत, चर्चा साधारण ७ दिवस चालते आणि मग कोणी काय मुद्दा मांडला ते बघून निर्णय होतो, त्यात कालच उघडलेल्या दहा अकाउंटवरून एकच वाक्य आलं की लोकांना लगेच कळतं कुठूनतरी माणसं गोळा करून आणलीयत, आणि मग तुमचा खरा मुद्दा असला तरी तो कोणी वाचत नाही.

आता मुद्द्याचं. गेम भारी होता का, जुना आहे का, किती जण खेळले, हे तिथे कोणी विचारतच नाही. विचारतात ते एवढंच, की ज्यांचा त्या गेमशी काही संबंध नाही अशा लोकांनी त्याच्यावर विश्वासार्ह ठिकाणी नीट सविस्तर लिहिलंय का. सोर्स कोडवरून गेम होता एवढंच सिद्ध होतं. फॅन साइट कितीही प्रेमाने बनवलेली असो, तिथला मजकूर तपासणारं कोणी नसतं, म्हणून ती धरत नाहीत.

'कलोसल केव्ह ॲडव्हेंचर' या तुमच्यासारख्याच टाइप करून खेळायच्या गेमचं बघा. विल क्राउदरने तो १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरवर फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला, १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने वाढवला, आणि पुढे २००७ मध्ये डेनिस जर्झ नावाच्या संशोधकाने त्यावर लांबलचक लेख लिहिला. वुड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या अकाउंटच्या बॅकअपमधून क्राउदरचा मूळ कोड मिळाला, तो घेऊन जर्झ अमेरिकेतल्या केंटकीमधल्या, गेम जिच्यावरून बनला त्या खऱ्या गुहेत उतरला आणि गेममधली जागा तिथे कुठे जुळते ते त्याने ताडून पाहिलं. असा एक लेख हातात असला की पानावर लिहायला भरपूर मिळतं, आणि असलं काही छापून आलेलं असेल तर चर्चा तिथेच संपते.

तुमच्या गेमसाठी आधी 'क्रिएटिव्ह कम्प्युटिंग' आणि 'बाइट' या त्या काळच्या कॉम्प्युटर मासिकांचे जुने अंक चाळा, इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन आहेत. ऑनलाइन नसलेला छापील संदर्भही चालतो बरं का, फक्त अंक आणि पान नंबर द्या. जाहिरात सापडली तर ती सोडून द्या, 'आणखी असेच गेम' अशा यादीत नुसतं नाव असेल तर तेही सोडा. पण कोणी तीन-चार परिच्छेद लिहून सांगितलं असेल की गेमला कुठल्या कमांड समजतात, कुठे अडकायला होतं, आधीच्या गेमपेक्षा यात नवीन काय, तर ते सोनं. आणि लेखक कोण ते जरूर बघा. 'हंट द वम्पस' या जुन्या टेक्स्ट गेमवर १९७५ च्या 'क्रिएटिव्ह कम्प्युटिंग'मध्ये लेख आहे, पण तो गेम बनवणाऱ्या ग्रेगरी योबनेच लिहिलाय, म्हणजे माहितीला एकदम उत्तम पण उल्लेखनीयतेसाठी उपयोग नाही, त्या गेमच्या पानाचं काम पुढे इतरांनी जे लिहिलं त्यावर भागतं.

खरं सांगू का, मेनफ्रेमवरच्या, म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीत होता तसल्या मोठ्या कॉम्प्युटरवरच्या गेमवर या नियमाने थोडा अन्यायच होतो. मासिकं परीक्षण करायची ते विकत मिळणाऱ्या गेमचं, आणि हे गेम कोणी विकलेच नाहीत. 'झॉर्क'सुद्धा एमआयटीच्या मेनफ्रेमवरचाच, पण बनवणाऱ्यांनी १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी काढली, १९८० मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर 'झॉर्क १' आला आणि मग परीक्षणं आपोआप आली. तुमच्या गेमचं तसं झालं नाही, तेव्हा मासिकांवर फार आशा ठेवू नका, गेमच्या इतिहासावरची पुस्तकं आणि पीएचडीचे प्रबंध बघा.

दोन चांगले संदर्भ मिळाले तर चर्चेत तेवढेच टाका, आठवणी नकोत. नाहीच मिळाले तर पान उडवण्याऐवजी ते त्या प्रकारच्या गेमवरच्या मोठ्या लेखाकडे वळवा, म्हणजे ते नाव उघडणाऱ्याला तो मोठा लेख दिसेल, असं सुचवा. नुसतं वळवलं तर जुना मजकूर पानाच्या इतिहासात राहतो, उद्या कोणाला पुस्तकात काही सापडलं की परत उघडता येतं.

प्रश्न : मी स्वतः त्या काळात असा एक गेम लिहिलाय, त्याचं पान मीच केलं तर?

उत्तर : थेट नका करू. आपला संबंध उघड सांगून मसुदा तपासणीला द्या, तिथले लोक बघतील. आणि तुम्हाला तोंडपाठ असलेली माहिती कुठे छापून आलेली नसेल तर ती पानात जाणार नाही, हे आधीच धरून चाला. त्यापेक्षा कोड, मॅन्युअल, जुनी प्रिंटआउट स्कॅन करून एखाद्या डिजिटल संग्रहात ठेवा, म्हणजे पुढे कोणाला त्यावर लिहायचं असेल तर सामान तरी हाताशी असेल.