घर विकताना गच्चीवरचा जकुझी: ठेवायचा की काढायचा?

दादा, विक्रीसाठी म्हणून नवा टब अजिबात बसवू नका, घातलेला पैसा किमतीत परत येत नाही. बेळगावात गिऱ्हाईक आधी ई-खाता (मालमत्तेचा पालिकेचा ऑनलाइन उतारा) बघतं, मग बोअरचं पाणी.

टब आधीपासून असेल तर पहिला प्रश्न वजनाचा. पाऊण मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला ७५० किलो, आणि घराची गच्ची साधारण १५० किलोच्या हिशेबाने बांधतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र तयार ठेवा. टबाखालच्या खोलीचं छतही नीट बघा. पोपडे, पिवळट डाग दिसले की सौदा तिथेच अडतो. डागावर नुसता रंग मारू नका, पहिल्या झडीतच तो परत उमटतो.

चालू टब दाखवायचा असेल तर:
- दोन-तीन दिवस आधी पाणी बदला, फिल्टर धुवा, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणा. झाकण उघडताच क्लोरीनचा उग्र वास आला तर पाणी खराब आहे, जास्त स्वच्छ नव्हे.
- ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटणाने पडतो का, तपासा.

पंप बंद पडलेला असेल तर टब काढाच, पाइपांची तोंडं बुजवा आणि तेवढ्या भागाचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी उरका.